बोटीवरच्या दगडूबाची पेटी

माझं माहेर वालूरचं, बाप शाळेत मास्तर, म्हनून मीबी मास्तरीण झाले, आन् लगीन होऊन बोरीकडच्या ह्या गावात आले. सासरी जमीन लय, नवऱ्याचा आन् दिराचा शब्द गावात चालायचा. हे आदी सांगते, कारन पुढचं सगळं त्याच्यापायीच झालं.

आमच्या गावात दगडूबा होता, दलित वस्तीतला. तरनेपनी मुंबईला गेला आन् आगबोटीवर लागला, भट्टीत कोळसा टाकायला, त्याला तिकडं आगवाला म्हनतेत. निम्मं आयुष्य दर्यावर काढून गावाकडं परत आला. काय सांगू तुमाला, आमच्या परभणीकडं समुद्र बघितलेला मानूस हुडकून सापडायचा न्हाई, आमाला गोदावरी म्हंजेच लय पानी. आन् ह्याच्याकडं पत्र्याची पेटी भरून सामान. बंदराबंदराची रंगीत कार्डं, पितळंची शिट्टी, बोटीवर मारतेत तसल्या दोराच्या गाठी फळीवर ठोकलेल्या, आन् एक वही, तिच्यात खलाशांची बोली, मोडक्यातोडक्या अक्षरात. हबेस म्हनलं की दोर ओढायचा, आरिया म्हनलं की सोडायचा. मला म्हनायचा, बाई, बोटीवर कोकनातले, गुजरातचे, बंगालचे, सगळे हीच बोली बोलायचे, आता तसल्या बोटी मोडीत निघाल्या, मी गेलो की हे कुनाला ठावं ऱ्हानार न्हाई.

मी म्हनलं, शाळेत मांडू, लोकं बघतील. अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा. दोन दिवस मांडलं, पार झरी गावावरनं सुदिक मानसं आली. दगडूबाला खुर्ची दिली, शाळेत खुर्चीवर बसलेला मी त्याला तवाच पहिल्यांदा बघितला, लेकरांची बोटं धरून गाठी शिकवायलता.

सामान भरताना मला म्हनला, बाई, पेटी हितंच ऱ्हाऊ द्या, कपाटात. विद्यापीठाच्या नामांतरावरनं हवा बिघडायलीय, आन् माझं घर कुडाचं. मी हो म्हननार, तर दारात दीर उभे. म्हनले, वैनी, ही शाळा काय त्याच्या बापाची हाय का. मी दगडूबाला म्हनलं, कपाटात जागा न्हाई हो, पुढं बघू. अर्धं कपाट रिकामं होतं. तो बरं म्हनला, पेटी डोक्यावर घेतली आन् गेला.

पंधरा दिवसात वस्ती जाळली, भर दुपारी. मानसं जीव घेऊन रानात पळाली म्हनून वाचली, घरं काय ऱ्हायली न्हाईत. दीर घरी आले, अंगाला धुराचा वास, म्हनले, वैनी, आंघोळीला पानी काढा. आन् मी काढलं. काही इचारलं न्हाई, चांगलं कढत पानी काढलं, साबन ठिवला.

दगडूबा परभणीला लेकीकडं गेला. वर्सभरानं मी कोरी वही घेऊन त्याच्याकडं गेले, म्हनलं, ती बोली सांगा, मी लिहून घेते. त्यानं मला च्या पाजला, मग म्हनला, बाई, एक इचारू का, कपाटात जागा होती का. मी म्हनलं, होती. त्यानं कप बाजूला सारला. मग म्हनला, लिवा. तीन ऐतवार सांगितलं त्यानं, पन निम्मंच आठवलं, म्हनला, बाकीचं त्या वहीतच होतं. पुढच्या साली वारला.

मी लिहिलेलं ते दर साली लेकरांना वाचून दाखवते. लेकरं इचारायची, बाई, त्यांची पेटी कुठं हाय. मी म्हनायचे, आगीत गेली. पंधरा सालं तेवढंच सांगितलं. औंदा विद्यापीठाचं नाव बदललं. दिराची नात माझ्याच वर्गात हाय, तिनं इचारलं, आग कशी लागली. मी सांगितलं मग, कपाटाचं, आंघोळीच्या पान्याचं, कोन कोन होतं त्याचं. पोरीनं घरी जाऊन आज्याला इचारलं. तवापासून दीर माझ्यासंगं बोलत न्हाईत, ताट वाढलं की तोंड फिरवतेत. फिरवू द्या. हे सगळं मला दगडूबा ऐकायला होता तवाच सांगायला पायजे होतं.