पहिल्या दिवशी फक्त हरकत

आदरणीय अध्यक्ष महोदय, आपल्या ज्ञानकोशाच्या युद्धविभागाचे प्रमुख आणि आजचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या संदर्भबाई, त्यांना घेऊन जायला आलेली त्यांची लेक आणि जावई, शांतता विभागातले माझे सगळे हरकतखोर सहकारी, आणि दाराजवळच्या खुर्च्या मुद्दाम पकडून चहाकडे डोळे लावून बसलेले श्रोतेहो,

मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. चार शब्दांत मी आयुष्यात कधी आटपलेलं नाही, हे माझ्या घरी कोणालाही विचारा. माझ्या मोठ्या जाऊबाई तर समोर पहिल्या रांगेतच बसल्या आहेत, हातात पेन्सिल घेऊन. ती पेन्सिल कशासाठी, ते ओघात येईलच. वहिनी, सुरुवात केली आहे हं मी, लक्ष असू द्या.

बाईंची ओळख करून देण्याची गरज नाही, असं म्हणायची पद्धत आहे. पण आज काही मंडळी पहिल्यांदाच आली आहेत, म्हणून सांगते. बाईंनी सगळी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली. दुसऱ्यांच्या चुका काढून निवृत्त झाल्या आणि घरी बसल्यावर चुका काढायला कोणी उरलं नाही. जावईबापू, तुम्ही हसताय, म्हणजे तुमचीही पाळी येऊन गेलेली दिसते. तर बाईंनी हा इंटरनेटवरचा मुक्त ज्ञानकोश उघडला. कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं, पैसा कोणाला मिळत नाही असा हा कारभार. त्यात त्यांनी 'युद्ध' शोधलं तर लेखांचा ढीग. कुठल्या लढाईत कोणती तोफ, तिचं तोंड केवढं, सगळं होतं. मग त्यांनी 'तह' शोधला. दोन ओळी होत्या. त्यातली दुसरी ओळ पहिलीच होती, फक्त शब्द फिरवलेले.

बाईंनी तिथल्या तिथे विडा उचलला. शांतता विभाग काढला. फोटोकॉपीच्या दुकानाच्या माडीवर एक खोली मिळवली. दुकानाला लागूनच खाली गॅरेज, तिथे दिवसभर हॉर्न तपासून बघतात, आणि वर आम्ही शांततेवर लिहितो. खोली मिळाली, कोणीतरी टाकून दिलेले संगणक मिळाले. आता माणसं हवी होती.

माणसं कुठून आणायची? बाईंनी साधा विचार केला. शांततेवर लिहायला शांतताप्रेमी माणसं हवीत. एका मोठ्या सभागृहात शांततेवर व्याख्यान होतं. बाईंनी दाराबाहेर टेबल टाकलं. माणसं बाहेर पडली ती डोळे पुसतच. सगळ्यांनी भराभरा नावं दिली. बाई खूश. दुसऱ्या दिवशी खोलीत बसायला जागा नाही. प्रत्येकाने लिहायला घेतलं, आणि जवळजवळ प्रत्येकाने एकच वाक्य लिहिलं: 'शांतता ही आज काळाची गरज आहे.'

आता ज्ञानकोशाचा नियम कडक आहे. प्रत्येक विधानाला संदर्भ लागतो. कुठे छापलंय, कोणी म्हटलंय, दाखवा. नाहीतर कोणीतरी लांब बसलेला संपादक ते वाक्य उडवतो आणि शेजारी शेरा मारतो, 'संदर्भ नाही'. काळाच्या गरजेला संदर्भ कुठून आणणार? सगळ्यांची वाक्यं उडाली. आणि मग त्या शांतताप्रेमी मंडळींनी जे काही रौद्र रूप धारण केलं म्हणता. एक संगीतशिक्षक होते, बोलणं इतकं मऊ की दोनदा विचारावं लागायचं. त्यांनी जाताना बाईंना जे सुनावलं ते खाली गॅरेजमध्ये ऐकू गेलं. हॉर्न थांबले होते त्या वेळी. शांततेवर लिहायला आलेली माणसं भांडून गेली, एकजात सगळी.

बाईंनी पुन्हा टेबल टाकलं, पुन्हा माणसं आली, पुन्हा गेली. असं बरंच चाललं. शेवटी ज्ञानकोशाच्या मंडळाकडून निरोप आला. निरोप पाठवणारे आज व्यासपीठावर आहेत, म्हणून मी अत्यंत आदराने सांगते. निरोप असा होता की तुमच्या विभागात माणसं टिकत नाहीत, वर्षअखेरीपर्यंत ती टिकलेली दिसली नाहीत आणि एक तरी लेख 'निवडक', म्हणजे पहिल्या प्रतीचा, ठरला नाही, तर शांतता विभाग बंद करून त्यातले लेख युद्धविभागात पोटविभाग म्हणून घालू. अहो, शांतता ही युद्धाचा पोटविभाग! बाईंच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलेलं नाही, पण त्यांच्या लेकीने मला सांगितलं की त्या दिवशी आई जेवली नाही. आणि फोनवर सारखं एकच म्हणत होती, "माणसं येतात गं, पण राहत का नाहीत?"

या प्रश्नाचं उत्तर बाईंना माझ्या औषधाच्या दुकानात मिळालं, हे सांगताना मला किंचित गर्व होतो. वहिनी, 'किंचित' लिहून घ्या.

त्या डोळ्यांत घालायचे थेंब घ्यायला आल्या होत्या. मी तेव्हा एका पुरवठादाराला धारेवर धरलं होतं. त्याने आणलेल्या खोक्यावर मुदतीच्या तारखेची चिठ्ठी दुसऱ्या तारखेवर चिकटवली होती. तो म्हणत होता, ताई, तेच आहे, चालतंय. मी म्हणत होते, खालची तारीख दाखवा. असं बराच वेळ. शेवटी त्याने खोकं उचललं आणि गेला. बाई आपले थेंब विसरून ऐकत उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही भांडता छान. आवाज न चढवता. संध्याकाळी काय करता?"

म्हटलं, "दुकानात नवरा बसतो आणि मी घरी जाऊन सासूबाईंशी वाद घालते."

"मग काही दिवस सासूबाईंना सुट्टी द्या," त्या म्हणाल्या.

मी माडीवर गेले. मला वाटलं, आता लिहायला बसवतील. माझं आणि अक्षरांचं हाडवैर, मी काय लिहिणार? पण बाईंनी स्वतः लिहिलेला 'तह' या लेखाचा कच्चा मजकूर पुढ्यात टाकला, पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "पहिल्या दिवशी लिहायचं नाही. पहिल्या दिवशी फक्त हरकत काढायची. माझ्या लेखावर काढा." मी वाचत गेले. एके ठिकाणी होतं, 'दोन्ही राज्यांत कायमचा तह झाला'. मी विचारलं, "कायमचा म्हणजे किती? नंतर भांडले नाहीत हे कोणी बघितलं?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. उठल्या, संगणकावर गेल्या, 'कायमचा' हा शब्द काढून टाकला आणि शेजारी माझं नाव घातलं की हिच्या हरकतीवरून बदल केला.

मंडळी, माझ्या सासरी मी सांगितलं म्हणून कधी खुर्ची हललेली नाही. इथे ज्ञानकोशातला शब्द हलला. दुसऱ्या दिवशी मी दुकान लवकर नवऱ्याच्या गळ्यात मारून माडीवर हजर. का, माहीत आहे? तो शब्द कोणी परत तर घातला नाही ना, हे बघायला.

इथेच बाईंचं सगळं शास्त्र आहे. ज्याचं वाक्य पहिल्याच दिवशी उडतं तो घरी जातो आणि परत येत नाही. जो दुसऱ्याचं वाक्य पहिल्याच दिवशी सुधारतो त्याला झोप लागत नाही, तो परत येतोच. आणि चार दिवसांनी त्याचं स्वतःचं वाक्य उडालं तर त्याला राग येत नाही, कारण उडवणं म्हणजे काय ते त्याने करून बघितलेलं असतं. बाईंनी शांतताप्रेमींचा नाद सोडला. त्या तक्रार खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभ्या राहू लागल्या. रहिवाशांच्या बैठकीत 'मागच्या सभेचा वृत्तांत चुकीचा आहे' म्हणून जो उठतो त्याला बाहेर गाठून चहा पाजू लागल्या. खोली भरली. आणि भरलेली राहिली. त्या संगीतशिक्षकांच्या घरीसुद्धा बाई स्वतः गेल्या, त्यांच्यापुढे आपला लेख ठेवला आणि म्हणाल्या, हरकत काढा. ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत. मऊच बोलतात, पण आता संदर्भासकट.

आता वहिनींकडे येते. टाळता येत नाही, त्या बघताहेत माझ्याकडे.

आम्ही दोघी सख्ख्या जावा. त्या वरच्या मजल्यावर, मी खालच्या. गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीवरून आमचं बिनसलं होतं. कोणाच्या चादरी आधी, कोणाच्या नंतर. इतकी वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. सासूबाई आमचं टपाल खातं होत्या, आणि टपाल पोचवताना त्यात स्वतःची थोडी भर घालायच्या. एकदा बाईंना मी चेष्टेने म्हटलं, "चुका काढायला खरं माणूस हवं असेल तर आमच्या वरच्या मजल्यावर जा." बाईंना चेष्टा कळत नाही. दुसऱ्या दिवशी माडीवर पोचते तर माझ्या खुर्चीसमोर वहिनी. आणि बाईंनी माझ्याच भागावर हरकत घ्यायला त्यांना बसवलेलं.

मी लिहिलं होतं, 'तह झाला की दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांशी बोलू लागतात.' प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असतं, तिथे हरकती लिहितात. वहिनींनी लिहिलं, 'लेखिकेने हे कशावरून लिहिले? संदर्भ द्यावा.' इतक्या वर्षांनी त्यांनी मला थेट लिहिलेलं हे पहिलं वाक्य. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, आणतेच संदर्भ. ग्रंथालयात जाऊन बसले, जुन्या तहांचे मसुदे वाचले. आणि संदर्भ काही मिळेना. बोलण्याचा कुठे उल्लेखच नाही. तहात काय असतं? विहिरीवर सकाळी कोणी जायचं, संध्याकाळी कोणी. पुलावरून बाजाराच्या दिवशी कोणाची जनावरं आधी. आजारी माणसाला कोणत्या वाटेने न्यायचं. रोजच्या वापराच्या गोष्टी आधी ठरतात, बोलणं मागाहून, आलं तर येतं. मी वाक्य बदललं. चर्चापानावर लिहिलं, 'हरकत मान्य.' हे दोन शब्द लिहायला मला किती जड गेलं, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले तर दोरीचा अर्धा भाग रिकामा होता. वहिनींच्या चादरी एका बाजूला सरकवून, चिमटे लावून. आम्ही बोललो नाही. मी माझे कपडे वाळत घातले आणि खाली आले. खाली येऊन मात्र रडले, हे आज पहिल्यांदाच सांगते आहे.

तेवढ्यात वर्षअखेर आली. 'तह' हा लेख निवडक ठरवायचा की नाही, यासाठी सगळ्यांच्या हरकती मागवल्या गेल्या. एकेका हरकतीला आम्ही पुरून उरलो. शेवटची हरकत आली ती आजच्या सन्माननीय पाहुण्यांची, म्हणजे युद्धविभागाच्या प्रमुखांची. त्यांनी लिहिलं, 'तह हा युद्धाचाच शेवटचा भाग आहे. त्यासाठी वेगळा विभाग कशाला?' मी जुन्या तहांचे मसुदे पुन्हा उलटून बघू लागले. बाईंनीसुद्धा पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली, हे मी शपथेवर सांगते. वहिनींनी संगणक ओढून घेतला आणि लिहिलं: 'या लेखिकेशी माझे बहुतेक बाबतीत पटत नाही. तिच्या या मजकुरावर मी स्वतः हरकत घेतली होती आणि तिने त्या हरकतीला उत्तर दिले आहे. युद्ध एके दिवशी संपते. विहिरीवर कोणी कधी जायचे हे त्यानंतर रोज ठरवावे लागते. ते रोजचे काम युद्धात मोडत नाही.'

आम्ही वाट बघत बसलो. चहा गार झाला. मग पडद्यावर दोन शब्द उमटले, 'हरकत मागे.'

साहेब, त्या दोन शब्दांसाठी आम्ही तुमचे ऋणी आहोत. लेख निवडक ठरला, विभाग राहिला. खाली गॅरेजवाल्यांनी आमच्या आग्रहावरून सगळे हॉर्न एकदम वाजवले. आणि पुढचं तर अध्यक्ष महोदय सांगतीलच, पण मला राहवत नाही. आता युद्धविभागात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला आमच्या माडीवर पाठवतात, हरकत काढायला शिकायला. कोण कोणाचा पोटविभाग, हे मी बोलणार नाही. पाहुणे आहेत.

बाई आता लेकीकडे राहायला चालल्या. मागच्या आठवड्यात जिना उतरताना मला म्हणाल्या, "मी गेल्यावर राहतील ना गं ही माणसं?" मी तेव्हा नुसती त्यांची पिशवी हातात घेतली. उत्तर आज देते.

बाई, हे तुमचं मानपत्र. मजकूर मी लिहिला. आज मागच्या रांगेत केशकर्तनालय चालवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांचा विभागातला हा पहिलाच दिवस. पद्धतीप्रमाणे सकाळी त्यांच्यापुढे हे मानपत्र ठेवलं आणि म्हटलं, हरकत काढा. मी एक ओळ फार मनापासून लिहिली होती: 'बाईंशिवाय हा विभाग चालणार नाही.' ताईंनी त्यावर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "याला संदर्भ काय?"

मी चिडले. वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. काढ ती ओळ."

तेव्हा बाई, तुमच्या मानपत्रात एक ओळ खोडलेली दिसेल. मानपत्र आम्ही मुद्दाम पुन्हा छापून घेतलं नाही. यापेक्षा मोठा मान तुम्हाला देणं आम्हाला जमलं नसतं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, गॅरेजवाल्यांचे आणि सासूबाईंचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही चुकलंमाकलं असेल तर क्षमा मागायची रीत आहे. पण आमच्या विभागात क्षमा करत नाहीत, दुरुस्ती करतात. वहिनींची पेन्सिल तयार आहे. चहा घेताना सावकाश सांगा.