नेइबोनची टोपली

जोरिना : पण आजी, अमेरिकेनं चाचणीचा अणुबॉम्ब फोडला तेव्हा तू माहेरच्या बेटावर नव्हतीसच ना?

आजी : नव्हते. लग्न होऊन इथे माजुरो बेटावर आले होते.

जोरिना : मग उद्या सुनावणीत अमेरिकेचा वकील म्हणणार, “लिमोरोबाई, राख तिकडे पडली, तुम्ही इकडे. सरकारनं तुम्हाला भरपाई का द्यावी?”

आजी : काय तो आवाज! चर्चमध्ये गाताना कुठे जातो ग?

जोरिना : विषय बदलू नकोस. तुझ्या गळ्यात गाठ आली कशानं?

आजी : खाण्यानं. तुझ्या आईचा पहिला वाढदिवस, अख्खा गाव जेवायला. माझी थोरली बहीण नेइबोन, राख पडल्यावर तिकडून हलवलेली, तिला सरकारनं तेव्हा परत बेटावर नेऊन सोडलं होतं. तिनं बोटीनं टोपली धाडली. आरारूट, आंबवलेला नीरफणस. देवाचं नाव घेतलं नि जेवलो.

जोरिना : राख पडलेल्या बेटावरचं? विचारलंसुद्धा नाहीस?

आजी : आईच्या जमिनीवरचं खाणं आलं, तर त्याला काय विचारायचं? आणि सरकारी डॉक्टरच म्हणाले होते, खेकडे तेवढे खाऊ नका, बाकी सगळं चांगलं. नेइबोननं एक खेकडा घातला नाही हो! आरारूटनं तोंड आलं, तेव्हा मला वाटलं, कंद नीट धुतले नसतील. वर तिलाच निरोप धाडला, आळशी झालीस म्हणून.

जोरिना : मग हेच सांग की उद्या.

आजी : तिच्या लेकी समोर बसणार. त्यांच्यादेखत म्हणू, तुमच्या आईनं दिलेलं मला बाधलं? ती जाऊन वर्ष नाही झालं.

जोरिना : आणि गप्प बसलीस तर? टोपली काय एकट्या तुलाच आली?

आजी : छे, दर बोटीला यायच्या. घरोघरी.

जोरिना : म्हणजे त्या घरांनाही तो वकील हेच ऐकवणार, तुम्ही इकडे होतात.

(आजी विणत असलेली चटई बाजूला सारते.)

आजी : हं. हो बरं पुन्हा वकील.

जोरिना : “लिमोरोबाई, ते खाणं तुम्हाला कुणी दिलं?”

आजी : माझ्या बहिणीनं, साहेब. मायेनं दिलं. ते चांगलं आहे, असं तिला कुणी सांगितलं, ते तुम्ही सांगा.

जोरिना : ...आता मी काय म्हणू?

आजी : तू काही नको म्हणूस. त्याला बोलू दे.