प्लग समोर होता

हितेश : एवढंच लिहायचं, मनाली. 'सोमाने प्लग न काढता टीव्ही उघडला आणि करंट लागून गेला.' खाली तुझी सही. बस.

मनाली : प्लग काढला होता, शेठ.

हितेश : मग काय हवेतून करंट आला?

मनाली : सोमादादाची वीस वर्षांची एकच रीत. प्लग काढायचा, वायर ओढून घ्यायची, प्लग टेबलावर डोळ्यांसमोर ठेवायचा. मगच स्क्रू. मलाही पहिल्या दिवशी तेच शिकवलं.

हितेश : उस दिन नसेल ठेवला.

मनाली : ठेवला होता. मी त्याला लाकडी स्टुलाने ढकलून सोडवलं, तेव्हा प्लग त्याच्या चष्म्याशेजारीच होता. पण बाजूच्या टीव्हीचा.

हितेश : मतलब गलती त्याचीच ना?

मनाली : दोन्ही टीव्हींच्या वायरी काळ्या. ओळखायला मी टेप लावल्या होत्या, एकीला लाल, एकीला पिवळी. सेटजवळ आणि प्लगजवळ. कुठे गेल्या?

हितेश : काढल्या मी. गिऱ्हाईक कटकट करतं, वायर चिकट झाली म्हणून. पूर्ण कॅम्पच्या बाजारात कोण लावतं टेप?

मनाली : त्याला सांगितलंत?

हितेश : सांगणार होतो. सकाळी गर्दी होती.

मनाली : हं.

हितेश : हे बघ, उद्या चौकशीला साहेब येतायत. दुकानाला टाळं लागलं तर तू काय करशील? एमआयडीसीत पॅकिंग? सोमा तर गेला. त्याला आता काय फरक पडतो?

मनाली : त्याच्या घरी वेणूवहिनींना पडतो. काल विचारत होत्या, 'इतका विसरभोळा कधी झाला गं? घरी गॅस दोनदा बघायचा.' विसरला, असं त्यांना तुम्हीच सांगितलंत ना?

हितेश : काहीतरी सांगावं लागतं.

मनाली : या, बसा इथे. त्याच्या स्टुलावर.

हितेश : कशाला?

मनाली : बसा तर. हे दोन टीव्ही, दोन्ही उघडे. एकाचा प्लग अजून बोर्डात, दुसऱ्याचा हा तुमच्यासमोर. आता या टीव्हीतल्या पत्र्याला बोट लावा.

हितेश : पागल झालीस काय?

मनाली : प्लग समोर आहे, शेठ.

(हितेश हात पुढे करतो, मागे घेतो.)

हितेश : हा प्लग याच टीव्हीचा, कशावरून?

मनाली : द्या तो कागद. तुमचं हे आत्ताचंच वाक्य लिहिते.