फिकट राखाडी प्रेरणा

...नाही, मला सांगा, दोन दिवस अंधाऱ्या हॉलमध्ये बसून कुणाला प्रेरणा मिळते का? झोप मिळते. पण आमच्या मॅडम, म्हणजे आमचं सहा टेबलांचं डिझाइनचं ऑफिस ज्यांचं आहे त्या, मला म्हणाल्या, ‘डोळ्यांचे डॉक्टर आपले सगळ्यात जुने क्लायंट, ते तुमच्या त्याच त्या कामाला कंटाळलेत. कॉन्फरन्सला जा, काहीतरी नवं घेऊन या. डॉक्टर गेले तर तुमचं टेबलही गेलं समजा.’ घ्या प्रेरणा! वीस वर्षं त्या डॉक्टरांचं ‘लोगो जरा मोठा करा, फोन नंबर जरा ठळक करा’ मी ऐकतोय, आणि कंटाळले कोण, तर ते.

तुम्हाला सांगतो, आत शिरल्या शिरल्या गळ्यात बिल्ला अडकवला. त्यावर नाव इतकं बारीक की जो तो माझ्या छातीशी वाकून ‘अच्छा, अच्छा’ करतोय. बाथरूमला गेलो तर दोन दारं, एकावर गोल, दुसऱ्यावर त्रिकोण. आता मी गोल की त्रिकोण? चांगले शिकलेसवरलेले सहा डिझायनर बाहेर ताटकळत उभे, आतून कोण निघतंय ते बघत. आणि कॉन्फरन्सचा विषय काय, तर ‘संवादातली स्पष्टता’.

मग मुख्य वक्ते आले. काळा शर्ट, काळी पँट, काळे बूट. आले ते बोलेचनात. एक मिनिट झालं, दोन झाली... मला वाटलं माइक बंद पडलाय, उठून सांगणार तेवढ्यात शेजारच्या बाई कुजबुजल्या, ‘बसा हो, ते मौन वापरताहेत.’ मग पडद्यावर आलं कोरं पांढरं पान. ‘यातलं सगळं काढून टाकलंय,’ वक्ते खर्जात म्हणाले, ‘तुम्हीही काढून टाका. टाकत राहा.’ आणि तीनशे माणसांनी त्या कोऱ्या पानाचे फोटो घेतले हो. मीही घेतला. खोटं कशाला बोलू, दोन घेतले, पहिला हलला होता.

पण परत येताना खरंच भरून आलं होतं मला. वाटलं, वीस वर्षं आपण नुसते फोन नंबर ठळक करत बसलो, आयुष्य फुकट गेलं. आल्या आल्या डॉक्टरांचं अपॉइंटमेंटचं कार्ड करायला घेतलं. लोगो काढला, चौकट काढली, रंग काढले. राहिलं कोरं कार्ड, आणि खाली कोपऱ्यात फिकट राखाडी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत नाव, वेळ, फोन. मॅडमनी ते लांब धरून बघितलं, जवळ आणून बघितलं, म्हणाल्या, ‘सुंदर आहे. पण... आहे ना यावर काहीतरी?’ डॉक्टरांना बघायला फुरसत नव्हती, त्यांनी फोनवरच ‘छापा’ म्हटलं. पाच हजार छापली, नव्या-जुन्या सगळ्या पेशंटना पोस्टानं गेली.

त्यातलं एक आलं आमच्या सासूबाईंना. त्याच डॉक्टरांकडे नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मुक्काम आमच्याकडे, आणि डोळा असा लख्ख की छताची कोळिष्टकं मोजून दाखवायच्या मला. त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि मटकन खालीच बसल्या. ‘गेला गं माझा डोळा, सगळं पांढरं दिसतंय.’ रडायला लागल्या हो. बायकोला माहीत होतं कार्ड कुणी केलंय. ती माझ्याकडे बघतेय, मी जमिनीकडे. इतकी लाज वाटली म्हणून सांगू... घ्या प्रेरणा! बायको त्यांना घेऊन तडक दवाखान्यात गेली, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं मला बोलावणं.

गेलो. म्हटलं, संपलं, टेबल आवरायला घ्या. तर दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि प्रत्येकाच्या हातात माझं कार्ड. डॉक्टर म्हणाले, ‘तुमच्या सासूबाईंना सांगितलं, डोळा उत्तम आहे, कार्ड भिकार आहे.’ मी म्हटलं, ‘बदलून देतो, साहेब.’ तर म्हणाले, ‘थांबा हो. दोन-दोन वर्षं न फिरकलेले लोक कार्ड वाचता येत नाही म्हणून घाबरून धावत आलेत. तपासतोय, तर निम्म्यांचा चष्म्याचा नंबर खरंच वाढलाय. आणखी दहा हजार छापा. अजून जरा फिकट होईल का?’

टेबल वाचलं. मॅडम खूश आहेत. घरी मात्र रोज सकाळी सासूबाईंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब मीच घालतो, त्यांना दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही. मान मागे टाकून म्हणतात, ‘जावईबापू, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं, नाहीतर ते कार्ड करणारा मेला...’ आणि पुढे जे काय म्हणतात ते म्हणतात. मी ‘हो ना’ म्हणतो आणि दुसरा डोळा उघडायला सांगतो.