कांताच्या कीबोर्डाला नवी पिन

मी मूळचा खुटबावचा, बाप दुसऱ्याच्या रानात मजुरीला, आन् मी दौंडला रेल्वेत इलेक्ट्रिशियन लागलो, म्हंजी काय सांगू तुम्हाला, पंखे आन् ट्यूबलाइटी बदलण्यात सगळी नोकरी गेली, पण चारचौघांत स्वतःला इंजिनिअर समजायचो. खरं कसब माझ्या बायकोच्या, कांताच्या हातात. छापखान्यात ती लग्नपत्रिका टाइप करायची. छापखाना बंद पडला तवा मालकानं तिला तिचा कीबोर्ड देऊन टाकला, इटंसारखा जड, कळ दाबली की खट्ट वाजणारा.

पुढं शुगरनं तिची नजर गेली आन् कीबोर्ड गेला माळ्यावर. शिरूरकडं कंपनीत असलेल्या आमच्या सुजाताचं लग्न ठरलं, तवा कांता म्हणली पत्रिका मी टाइप करणार. मेव्हणी म्हणली अगं दिसत न्हाई तर कशाला तरास, यवतला तासाभरात करून देत्यात. कांता म्हणली गावच्या पोरींच्या मी केल्या आन् माझ्या पोरीची दुसऱ्यानं करायची व्हय? पण सुजाताच्या लॅपटॉपवर कळा सपाट, तिची बोटं नुसती घसरायची. उठून आत गेली बघा. ते काय मला बघवलं न्हाई. म्हणलं थांब, तुझाच कीबोर्ड जोडून देतो.

आता त्याची पिन जाड, गोल, आन् लॅपटॉपला चपटी यूएसबी. मी पुण्याहून पिन बदलायचा जोड आणला. लावला, कीबोर्डाचा दिवा लागला, मी पेढे आणायला निघालो, तर अक्षर एक उमटंना. सुजाता म्हणली पप्पा, नुसती पिन बदलून भागत न्हाई, जुन्याची बोली नव्याला समजत न्हाई, मधी दुभाषी लागतो. तिनं काडेपेटीएवढं सर्किट मागवलं. मी चार वायरी डाग देऊन जोडल्या, त्यातल्या दोन उलट्या. कांता आतून म्हणली पंख्याची वायर न्हाई ती, सावकाश घ्या.

वायरी सुलट केल्या आन् लागला चालायला. तिथंच थांबायचं ना मी? न्हाई. कळा मळल्या होत्या, सगळ्या उपटून निरम्यात धुतल्या, सुपात वाळवल्या आन् बसवल्या ए बी सी डी ओळीनं. फोनवर मी बोलूनच मेसेज धाडतो, मला काय ठावं त्यांची जागा. कांतानं हात ठेवला आन् तिचा चेहराच उतरला. म्हणली हा माझा न्हाई.

का, तर प्रत्येक ओळीच्या कळांचा उतार निराळा असतो म्हणं, माझ्या अदलाबदलीत तिच्या बोटांना ओळखच लागंना. मला रडू का हसू कळंना. मग आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी कळ उपटून अक्षर वाचायचो, ती बोटानं जागा दाखवायची, म्हणायची इथं, आन् जरा हळू दाबा. चुकलो की हातावर चापट. लग्न झाल्यापास्नं इतका येळ आम्ही हातात हात घालून कवा बसलो नव्हतो.

शेवटची कळ बसली तवा तिनं पाठ ताठ केली, बोटं ठेवली आन् टाइप केलं, मंगल परिणय. म्हणली वाचा. मी वाचलं. पुन्हा वाचा म्हणली. सुजाता दारात उभी राहून डोळं पुसत होती.

पत्रिका वाटून झाल्या, लेक नांदायला गेली. आता शेजारपाजारचे येत्यात, काकू, आमच्या वास्तुशांतीची पण करा म्हणत्यात. ती टाइप करती, मी वाचून दाखवतो, माझं चुकलं की वराडती. वराडू द्या. तिची बोटं आन् माझा चष्मा, दोन्ही मिळून एक माणूस हाय आमच्यात, ते असंच चालत रहावं, एवढंच.