चुंबकाला न चिकटलेलं पातेलं

तुम्हाला आमच्या कळसच्या घरातली गोष्ट सांगते. मागच्या दिवाळीत जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, जुनी भांडी मोडीत द्यायचं ठरलं. मी चुंबक घेऊन बसले. चिकटलं ते स्टील, नाही ते जर्मन. सासूबाई शेजारी बसून नुसत्या बघत होत्या. एक काळपट पातेलं चिकटेना, म्हणून मी ते पोत्यात टाकलं.

"ते स्टीलचं हाय," त्या म्हणाल्या.

"आत्या, चुंबक चिकटत नाही त्याला."

"न्हाय चिकटू दे. उचलून बघ. जर्मन हाताला हलकं लागतं."

उचललं, तर खरंच चांगलं जड होतं. मोडवाला दारातच होता. तोही म्हणाला, "व्हय ताई, काही चांगल्या स्टीलला चुंबक धरत न्हाय."

पातेलं घासल्यावर बुडाशी कोरलेलं पुसट नाव दिसलं.

"हे कुणाचं नाव?"

"माज्या आईचं. ती गेल्यावर भाऊ म्हणला, आठवण म्हणून काय नेतीस? मी ह्येच उचललं. ह्यात ती चिंचेचं सार करायची."

मी पोतं उपडं केलं, चुंबक बाजूला ठेवला आणि एकेक भांडं त्यांच्याच हातात देत गेले.