धोंडूने डोळा चोळला नव्हता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या वर्कशॉपचे मालक आदरणीय चंद्रप्रकाशशेठ, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती धोंडू परब, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी सुगंधावहिनी आणि साकीनाक्याच्या या गल्लीतल्या माझ्या सगळ्या सोबत्यांनो,

धोंडूच्या निरोपाला मी बोलावं, असं ठरलं. का, तर त्याला इस्पितळात मीच नेलं. मी नको म्हणत होतो. पण शेठजींपुढे कोणाचं चाललंय?

बावीस वर्षं आम्ही शेजारशेजारच्या लेथवर. कामात सोनं, तोंडाने फटकळ. स्वतःचा डबा उघडण्याआधी माझ्या डब्यातली मासळी संपवणार! बघा, हसतोय.

पाहुण्यांना आमची एक रीत माहीत नसेल. इथे डोळ्यात कण गेला की कोणी डॉक्टरकडे जात नाही, श्यामसुंदरकडे येतात. म्हणजे माझ्याकडे. चिमटा, लोहचुंबक आणि न थरथरणारा हात. शेकडो डोळे साफ केले. गर्व होता हो मला.

मार्चमध्ये छिन्नीवर हातोडा मारताना धोंडूच्या डोळ्यात लोखंडाची कपची उडाली. नेहमीसारखा तो माझ्याकडे आला. मी ती काढली, म्हटलं, "झकास! जा, मशीन चालू कर." तो म्हणाला, "धूसर दिसता रे." मी म्हटलं, "नाटकं नकोत." दुसरा तुकडा बुबुळ फोडून आत गेला होता. तिसऱ्या दिवशी डोळ्यात पू झाला, तेव्हा कुठे मी त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाल्या, "जंतू आतपर्यंत पसरलेत. त्याच दिवशी यायला हवं होतं." डोळा काढावा लागला.

त्यांनी विचारलं, "डोळ्याला हात कोणी लावला?" मी शेजारीच उभा. धोंडू म्हणाला, "मीच चोळला." माझी नोकरी जाऊ नये म्हणून. आणि मी गप्प राहिलो.

तेव्हापासून अडकलोय. वहिनी मला जेवायला बोलावतात, "भावोजी, तुम्ही होतात म्हणून" म्हणतात, आणि माझ्यादेखत त्याला बोल लावतात, "चोळलात कशाला?" तो खाली मान घालून जेवतो. मला घास गिळवत नाही, उठताही येत नाही. आणि आज शेठजींनी मलाही शाल घातली.

धोंडू, हाताने खुणा करू नकोस. "गप रव" काय? आठ महिने गप्पच होतो ना!

वहिनी, त्याने डोळा चोळला नव्हता. हात मी लावला होता.

शेठजी, बोलू दिलंत, आभारी आहे. शब्दांत उणंअधिक झालं असेल तर सभेने पदरात घ्यावं. वहिनींनी मला माफ करू नये. फक्त आज घरी गेल्यावर त्याला ओरडू नये, एवढी विनंती.